साखरबिटावरील मृदाजन्य विषाणुरोग

साखरबिटाला मुळांवाटे जमिनीतून होणाऱ्या विषाणुरोगांचा गट. त्यांतला सर्वांत घातक रोग म्हणजे ऱ्हायझोमेनिया. बीट नेक्रोटिक यलो व्हेन व्हायरस या विषाणूमुळे तो होतो. बीट सॉइलबोर्न व्हायरस, बीट व्हायरस क्यू आणि अमेरिकेत आढळणारा बीट सॉइलबोर्न मोझॅक व्हायरस हेही याच गटातले. चारही विषाणूंचा वाहक एकच, पॉलिमिक्सा बीटी नावाचा सूक्ष्मजीव. कोकणात साखरबिटाचे पीक नाही. तरी इथल्या वाचकाने या रोगाकडे लक्ष द्यावे, कारण याच वाहकाचा भाऊबंद पॉलिमिक्सा ग्रॅमिनिस तृणकुळातल्या पिकांच्या मुळांत राहतो, आणि भात व नाचणी दोन्ही त्या कुळातली आहेत.

पॉलिमिक्साला पूर्वी बुरशी समजत. आता त्याची गणना प्लाझमोडिओफोरिड या एकपेशीय परजीवींत होते. त्याचे जाड कवचाचे विश्रामी बीजाणू मातीत पुंजक्यांनी पडून राहतात. जमीन पाण्याने भरली आणि मुळे जवळ असली की त्यांतून दोन कशाभिका (पोहण्यासाठीचे शेपटीसारखे धागे) असलेले चलबीजाणू बाहेर पडतात, मातीच्या फटींतल्या पाण्यातून पोहत मूळरोमाला चिकटतात आणि आपले सारे द्रव्य पेशीत सोडतात. विषाणू त्या द्रव्याबरोबरच आत शिरतो. वाहकावाचून त्याला मुळात वाट सापडत नाही. मुळात वाहकाची वाढ पुरी झाली की नवे विश्रामी बीजाणू बनतात आणि या वेळी ते विषाणू पोटात घेऊनच मातीत परततात. असे बीजाणू पंधरा वर्षांहून अधिक काळ जिवंत राहतात. दोन-तीन हंगाम जमीन पड टाकून किंवा पीक बदलून हा रोग जात नाही, त्याचे कारण इथे आहे.

लागण झालेल्या बिटाचे मुख्य मूळ मध्येच आवळल्यासारखे होऊन खाली एकदम निमुळते होते. त्याभोवती बारीक उपमुळांचा गुंता माजतो, सोडणातून ओढून काढलेल्या काथ्यासारखा. कंद उभा चिरला तर आतली वाहिन्यांची वलये तपकिरी दिसतात. पाने फिकट होतात, देठ लांबून ताठ उभे राहतात. विषाणूच्या नावातली पिवळी शीर मात्र शेतात क्वचितच दिसते. ती शोधत बसणारा फसतो. निरोगी कंदात साधारण १६ ते १८ टक्के साखर असते. जोराची लागण झाली तर ती दहाच्या आसपास येते आणि कंदाचे वजनही घटते, म्हणजे शेतकऱ्याचा तोटा दुहेरी.

रोगाची पहिली नोंद इटलीत १९५०च्या दशकात झाली. त्याच्या मुळाशी विषाणू आहे हे जपानमध्ये १९७३ साली तमादा आणि बाबा यांनी दाखवले. १९८०च्या दशकात कॅलिफोर्निया आणि इंग्लंड या दोन्ही ठिकाणी तो सापडला. पसरला तो मुख्यतः माणसाच्या हाताने: नांगराला व ट्रॅक्टरच्या चाकांना चिकटलेल्या मातीतून, कारखान्यात कंद धुऊन उरलेला गाळ परत शेतात टाकल्याने, पाटाच्या पाण्यातून. जनावरांच्या पोटातूनही बीजाणू जिवंत बाहेर पडतात, त्यामुळे रोगट कंद खाल्लेल्या गुरांचे शेणखतही निर्धोक नाही.

उपाय एकच टिकाऊ ठरला, तो म्हणजे प्रतिकारक वाण. आरझेड १ हे जनुक अमेरिकेतल्या प्रजननसाहित्यातून मिळाले, तर आरझेड २ युरोपच्या किनाऱ्यावर वाढणाऱ्या रानटी समुद्रबिटातून, डेन्मार्कच्या एका नमुन्यातून. आरझेड १ वर भिस्त ठेवलेल्या कॅलिफोर्नियाच्या इम्पीरियल खोऱ्यात २००० नंतर काही वर्षांतच त्याला न जुमानणारे विषाणू आढळले. एकाच जनुकावर सारे शेत सोपवणे किती महागात पडते हे तिथे दिसले. जमिनीत औषधांची धुरी देणे खर्चिक, आणि नांगराच्या तासाखाली दडलेल्या बीजाणूंपर्यंत ती पोचत नाही. आपल्याकडे राब भाजताना उष्णता जशी वरच्या थरापुरती राहते, तीच अडचण इथेही.

जमिनीचा सामू मात्र कामाला येतो. पॉलिमिक्सा बीटीला उदासीन ते किंचित अल्कधर्मी, ओलसर आणि २५ अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेली माती मानवते. आम्लतेत तो मंदावतो. कोकणातली जांभ्याची आम्ल जमीन या जिवाला फारशी रुचणार नाही. रायगडच्या खारभूमीची गोष्ट वेगळी. बीट क्षार सोसणारे पीक असल्याने खाऱ्या जमिनीसाठी त्याचे नाव अधूनमधून निघते. तिथे ते लावायचे झाले तर बियाणे व अवजारे रोगमुक्त आहेत का, हा प्रश्न पहिला. परसातले लाल बीट आणि पालक हीही याच विषाणूची आश्रयपिके आहेत.

भाताशी नाते त्याहून जवळचे आहे. राइस स्ट्राइप नेक्रोसिस व्हायरस हा ऱ्हायझोमेनियाच्या विषाणूच्याच प्रजातीगटातला, बेनिव्हायरस. तो पॉलिमिक्सा ग्रॅमिनिसमार्फत पसरतो. पश्चिम आफ्रिकेत त्याचे वर्णन झाले, पुढे १९९१ मध्ये तो कोलंबियात दिसला. पानांवर पिवळे पट्टे येतात, पाने पिळवटतात, रोप खुजे राहते.

भारतात पॉलिमिक्सा ग्रॅमिनिस या वाहकाचा जास्त परिचित रोग म्हणजे भुईमुगाचा क्लम्प. इंडियन पीनट क्लम्प व्हायरसमुळे झाडे गर्द हिरवी, खुजी, झुडपी होतात आणि शेंगा धरत नाहीत. शेतात असे पट्टे दरवर्षी त्याच जागी उमटतात. पंजाब, राजस्थान, आंध्र प्रदेश येथील हलक्या रेताड जमिनी याचे घर. वाहक पोसतो तो तृणधान्यांवर. भुईमुगाच्या मुळात त्याची वाढ नीट होत नाही. विषाणू भुईमुगाच्या, तसाच नाचणी, राळा व बाजरीच्या बियाण्यातूनही पुढे जातो. भातानंतर ओलाव्यावर भुईमूग आणि वरकस जमिनीवर नाचणी घेणाऱ्या कोकणी शेतकऱ्याने बाहेरचे बियाणे आणताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पावसाळी पिकात हा रोग बळावतो, कोरड्या हंगामात बराच टळतो. शेतात बाजरी दाट पेरून सुमारे दोन आठवड्यांनी ती मोडून टाकली, तर मातीतला वाहक उगवून फुकट जातो; हा सापळा-पिकाचा उपाय क्लम्पवर परिणामकारक ठरला आहे.

कोकणात वांगी-मिरचीची ‘मर’ ही जमिनीतूनच येते, पण ती जिवाणूची. रोगट खोडाचा तुकडा स्वच्छ पाण्याच्या पेल्यात टांगला की काही मिनिटांत दुधी धागे उतरतात. विषाणुरोगात तसे काही उतरत नाही. विषाणूसाठी प्रयोगशाळेची एलायझा, म्हणजे प्रतिपिंडांनी विषाणू ओळखणारी, चाचणी लागते. त्यासाठी मातीत थेट विषाणू शोधण्यापेक्षा संशयित माती कुंडीत भरून तीत बिटाची रोपे काही आठवडे वाढवतात, मग त्यांची मुळे धुऊन तपासतात.