सुवाह्य हेडफोन ॲम्प्लिफायर : स्मार्टफोनसाठी निवड

स्मार्टफोनमधून येणारा ध्वनिसंकेत हेडफोन समर्थपणे चालवू शकेल इतका वाढवणाऱ्या, खिशात मावणाऱ्या उपकरणाला सुवाह्य हेडफोन ॲम्प्लिफायर म्हणतात. मूळ अर्थाने हे उपकरण केवळ ॲनालॉग संकेत वाढवते. परंतु आज बाजारात याच नावाने मिळणाऱ्या बहुतेक उपकरणांत डिजिटल संकेताचे ॲनालॉगमध्ये रूपांतर करणारा डॅकही असतो. त्यामुळे निवड करताना प्रत्यक्षात या दोन्ही भागांची एकत्र निवड होते.

प्रारंभीच्या काळात असे ॲम्प्लिफायर हौशी मंडळी घरीच जोडत असत. १९९० च्या दशकाच्या अखेरीस चू मॉय यांनी प्रसिद्ध केलेला आणि पुढे ‘सीमॉय’ म्हणून ओळखला गेलेला आराखडा ९ व्होल्टच्या बॅटरीवर व ऑप-ॲम्पवर, म्हणजे संकेत वाढवणाऱ्या तयार चिपवर, चाले, आणि तो पेपरमिंटच्या गोळ्यांच्या पत्र्याच्या डबीत बसवण्याची प्रथाच पडली. २०१२ मध्ये ऑडिओक्वेस्टचा ड्रॅगनफ्लाय आल्यावर यूएसबीत खोचण्याची, स्वतःची बॅटरी नसलेली छोटी कांडी, म्हणजे डाँगल, लोकप्रिय झाली. २०१५ मध्ये कॉर्ड या ब्रिटिश कंपनीने मोजो हा बॅटरीवर चालणारा डॅक-ॲम्प्लिफायर आणला. २०१६ मध्ये ॲपलने आयफोन ७ मधून ३.५ मिमीचे हेडफोन सॉकेट काढून टाकले, इतर कंपन्यांचे अनेक फोनही त्याच वाटेने गेले, आणि तारेचा हेडफोन वापरणाऱ्याला कोणते ना कोणते बाह्य उपकरण अपरिहार्य झाले.

निवडीची सुरुवात ॲम्प्लिफायरपासून नव्हे, हेडफोनपासून करावी लागते. हेडफोनच्या खोक्यावर छापलेल्या दोन आकड्यांवर येथे सारे अवलंबून असते. पहिला आकडा इम्पीडन्सचा, म्हणजे प्रत्यावर्ती प्रवाहाला होणाऱ्या विरोधाचा. तो ओहममध्ये देतात. दुसरा संवेदनक्षमतेचा, म्हणजे १ मिलिवॉट शक्ती दिल्यावर किती डेसिबेल आवाज निघतो याचा. (काही उत्पादक तो १ व्होल्टला निघणाऱ्या आवाजाच्या रूपात देतात, हे दोन आकडे एकमेकांशी थेट ताडून पाहू नयेत.) विद्युत्‌दाबाच्या वर्गाला इम्पीडन्सने भागले की शक्ती मिळते, आणि शक्ती दहापट झाली की आवाज १० डेसिबेलने वाढतो. एवढ्या दोन नियमांवर बहुतेक जाहिरातींची पारख करता येते.

ॲपलचा यूएसबी-सी ते ३.५ मिमी हा साधा जोड सुमारे १ व्होल्ट देतो. ३२ ओहम व १०५ डेसिबेल संवेदनक्षमता असलेल्या इअरफोनला त्यातून सुमारे ३१ मिलिवॉट मिळतात आणि आवाज १२० डेसिबेलपर्यंत जाऊ शकतो, म्हणजे कानाला अपायकारक होईल इतका. अशा इअरफोनसाठी अधिक शक्तीचा ॲम्प्लिफायर घेण्याला काहीच अर्थ नाही, आणि फोनसोबत वापरले जाणारे बहुसंख्य इअरफोन याच वर्गातले असतात. ३०० ओहम व ९७ डेसिबेलच्या हेडफोनला मात्र त्याच १ व्होल्टमधून जेमतेम ३.३ मिलिवॉट मिळतात व आवाजाचे शिखर १०२ डेसिबेलवर थांबते. दाटून मुद्रित केलेल्या आजच्या चित्रपटगीतांना एवढे पुरते. विलंबित खयालाच्या ध्वनिमुद्रणाची सरासरी पातळी मात्र त्याच्या शिखरांपेक्षा पुष्कळ खाली असते आणि खासगी बैठकींची जुनी मुद्रणे तर अनेकदा फारच हळू नोंदलेली असतात. तेथे ही मर्यादा स्पष्ट जाणवते. युरोपीय संघात विकल्या जाणाऱ्या त्याच जोडाचा दाब सुमारे अर्धा व्होल्टच असतो, म्हणजे आणखी ६ डेसिबेल कमी.

इम्पीडन्स कमी म्हणजे हेडफोन चालवायला सोपा, हा सर्वत्र आढळणारा समज चुकीचा आहे. हायफायमॅन कंपनीच्या एचई-६ या प्लेनर, म्हणजे चुंबकांमधल्या सपाट पातळ पडद्याने आवाज काढणाऱ्या, हेडफोनचा इम्पीडन्स अवघा ५० ओहम होता, पण संवेदनक्षमता ८३.५ डेसिबेल. ११० डेसिबेलच्या शिखरासाठी त्याला सुमारे ४५० मिलिवॉट, म्हणजे जवळजवळ ४.७ व्होल्ट आणि ९० मिलिअँपिअरहून अधिक प्रवाह लागतो. फोनच्या यूएसबीतून शक्ती घेणाऱ्या छोट्या डाँगलकडून ही अपेक्षा ठेवता येत नाही. म्हणूनच ॲम्प्लिफायरच्या तपशिलात केवळ ‘कमाल शक्ती’ न पाहता, ती किती ओहमच्या भाराला दिली आहे हे पाहावे, आणि आपल्या हेडफोनच्या जवळचा आकडा दिलेला नसेल तर तो मागावा.

शक्तीइतकाच, किंबहुना संवेदनशील इअरफोनच्या बाबतीत त्याहून महत्त्वाचा गुण म्हणजे ॲम्प्लिफायरचा स्वतःचा आउटपुट इम्पीडन्स. बॅलन्स्ड आर्मेचर प्रकारच्या, म्हणजे चुंबकात हलणाऱ्या छोट्या पत्तीने आवाज काढणाऱ्या, इअरफोनचा इम्पीडन्स कंप्रतेनुसार बराच बदलतो. तो काही कंप्रतांना ८ ओहम व काहींना ४० ओहम असेल आणि ॲम्प्लिफायरचा आउटपुट इम्पीडन्स १० ओहम असेल, तर त्या कंप्रतांमधील आवाजाचे प्रमाण सुमारे ५ डेसिबेलने ढळते, आणि इअरफोन घडवणाऱ्याने ठरवलेला स्वराचा तोल बिघडतो. आउटपुट इम्पीडन्स १ ओहम असेल तर हीच तफावत १ डेसिबेलच्या आत राहते. हेडफोनच्या इम्पीडन्सच्या एकअष्टमांशाहून आउटपुट इम्पीडन्स कमी असावा, हा रूढ ठोकताळा येथूनच आला. अशाच इअरफोनमध्ये ॲम्प्लिफायरची पार्श्वभूमीची खरखरही ऐकू येते. वाद्य थांबल्यावर मागे फक्त तानपुरा उरतो तेव्हा ती विशेष त्रास देते. त्यामुळे गेन, म्हणजे संकेत किती पट वाढवायचा ते प्रमाण, कमी करण्याची सोय असलेले उपकरण अशा वेळी जास्त उपयोगी पडते.

४.४ मिमीच्या बॅलन्स्ड, म्हणजे डाव्या व उजव्या बाजूची ऋण टोके वेगळी ठेवणाऱ्या, आउटपुटचा बराच गाजावाजा होतो. त्यातून साध्या आउटपुटच्या दुप्पट दाब आणि, प्रवाह पुरेसा असल्यास, चौपट शक्ती मिळू शकते. पण आउटपुट इम्पीडन्सही दुप्पट होतो. चालवायला जड हेडफोनला त्याचा लाभ आहे, साध्या इअरफोनला जवळजवळ नाही. बॅलन्स्ड आउटपुटला ३.५ मिमीचा साधा जोड लावल्यास दोन्ही बाजूंची ऋण टोके एकमेकांना जोडली जाऊन ॲम्प्लिफायर निकामी होऊ शकतो, हे मात्र वापरणाऱ्याने लक्षात ठेवलेच पाहिजे.

फोनशी जुळणी हा स्वतंत्र विषय आहे. बॅटरी नसलेला डाँगल हलका असतो, पण तो फोनची बॅटरी वापरतो; लायटनिंग सॉकेटच्या (यूएसबी-सी येण्यापूर्वीच्या) आयफोनवर जास्त शक्ती मागणारे उपकरण फोन नाकारतो. स्वतःची बॅटरी असलेले उपकरण ही अडचण टाळते, मात्र त्याचे वजन वाढते व काही वर्षांत बॅटरी क्षीण होते, तेव्हा ती बदलता येते का हे खरेदीपूर्वीच विचारावे. अँड्रॉइडची ध्वनिव्यवस्था सर्व आवाज एकत्र मिसळताना संकेत बहुधा ४८ किलोहर्ट्‌झला बदलते. हे टाळून मूळ संकेत जसाच्या तसा यूएसबीवर पाठवण्याची सोय अँड्रॉइड १४ पासून व्यवस्थेतच आली, तरी वापरायचे ॲप ती वापरते का हे तपासावे लागते. ॲपलचा वर उल्लेखिलेला जोड अनेक अँड्रॉइड फोनांवर पूर्ण आवाज देत नाही, तो या कारणाने नव्हे, तर जोडाच्या अंतर्गत व्हॉल्यूमवर फोनचे नीट नियंत्रण नसल्यामुळे. ब्लूटूथने जोडल्या जाणाऱ्या उपकरणांत फोनचा डॅक व सॉकेट दोन्ही वापरावे लागत नाहीत, आणि एलडॅक या ब्लूटूथवर ध्वनी पाठवण्याच्या पद्धतीत संकेत सेकंदाला ९९० किलोबिटपर्यंत पाठवता येतो. चालताफिरता ऐकणाऱ्याला ही सोय तारेपेक्षा सुखाची आहे.

ॲम्प्लिफायर बाहेरचा गोंगाट थांबवत नाही. मुंबईच्या लोकलमध्ये आलाप ऐकू येत नाही म्हणून शक्ती वाढवणे म्हणजे कानावर ताण वाढवणे. तेथे कानात घट्ट बसणारा इअरफोन हाच पहिला उपाय आहे. प्रौढांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबेल ही जागतिक आरोग्य संघटनेने दिलेली मर्यादा या संदर्भात प्रमाण मानावी.

दोन उपकरणांची तुलना करताना आवाज समान पातळीवर आणणे अत्यावश्यक आहे, कारण एखाद्या डेसिबेलने मोठा असलेला आवाज ऐकणाऱ्याला मोठा न वाटता अधिक स्पष्ट आणि भरीव वाटतो. त्यासाठी हेडफोन जोडलेला ठेवून, फोनवरून कमी कंप्रतेचा एक स्थिर सूर वाजवून, दोन्ही ॲम्प्लिफायरच्या आउटपुटचा दाब साध्या मल्टिमीटरने मोजून सारखा करावा आणि मगच परिचयाचे गाणे लावावे. कोणते उपकरण चालू आहे हे ऐकणाऱ्याला न सांगता दुसऱ्याने जोडण्या बदलल्या, तर निकाल आणखी विश्वासार्ह ठरतो.