मेटलवाल्यांची ती शिंगांची खूण सैतानाची नाहीये

हेवी मेटल संगीत म्हटलं की दोन बोटं वर, तर्जनी आणि करंगळी, आणि लगेच कोणीतरी म्हणतंच की ही सैतानाची पूजा आहे. हे कित्येक वर्षं चाललंय आणि मला खरंच वाईट वाटतं, कारण ही खूण मेटलमध्ये रुजवली गायक रॉनी जेम्स डिओने आणि त्याला ती मिळाली आजीकडून!

डिओ अमेरिकेतला पण घरचे मूळचे इटलीचे, आणि तिकडे ही खूण वाईट नजर लागू नये म्हणून करतात, म्हणजे आपल्याकडे आजी मीठमोहऱ्या घेऊन दृष्ट काढते ना, तसलाच प्रकार. 1979 मध्ये गायक ऑझी ऑस्बॉर्नच्या जागी डिओ ब्लॅक सबाथ या मेटल बँडमध्ये आला, ऑझी स्टेजवर दोन बोटांची शांतीची खूण करायचा आणि ती लोकांच्या डोक्यात इतकी बसलेली की डिओला तीच उचलायची नव्हती, म्हणून मग त्याने आजीची खूण केली आणि पब्लिकने ती घेतली ती घेतलीच.

आता शोध त्याने लावला असंही नाही हां. कोव्हन नावाच्या बँडच्या 1969 च्या अल्बमवर ही खूण दिसते आणि त्यांचा विषय जादूटोणाच होता, ते मान्य. पण गर्दीतली हजारो पोरं हात वर करतात ती डिओमुळे. 2017 मध्ये किस बँडच्या जीन सिमन्सने अशाच एका खुणेच्या ट्रेडमार्कसाठी अर्ज केला होता, लोक भडकले, थोड्याच दिवसांत त्याने तो मागे घेतला.