एका हातातला करंट आणि दोन्ही हातांतल्या मुंग्या

सांगली-साताऱ्याकडे जत्रेतल्या कुस्तीच्या फडात किंवा कबड्डीच्या मैदानावर गडी मान धरून खाली बसला, की ‘शीर दबली’ हेच निदान सगळ्यांच्या तोंडी असते. मात्र या दोन शब्दांखाली दोन अगदी निराळ्या दुखापती झाकल्या जातात.

पहिली दुखापत स्टिंगरची. पकडीत खांदा खाली रेटला जाऊन मान विरुद्ध बाजूला झुकली, की मानेतून हाताकडे जाणाऱ्या मज्जातंतूंचे जाळे, म्हणजे ब्रॅकियल प्लेक्सस, ताणले जाते. ताण बहुधा मानेतील पाचव्या-सहाव्या मज्जातंतूंच्या मुळांवर येतो, म्हणून करंट बसल्यासारखी आग खांद्यापासून खाली उतरते आणि हात बाजूला उचलणे किंवा कोपरात वाकवणे जड जाते. मान मागे आणि त्याच बाजूला दाबली गेली, तरी मज्जातंतूचे मूळ मणक्यांच्या फटीत चेपून हेच घडते. बहुतेकांची आग काही मिनिटांत शमते. ताकद यायला कधी काही आठवडे लागतात.

दुसरी दुखापत मज्जारज्जूची. डोक्यावर आपटल्याने मान एकाएकी पुढे किंवा मागे वाकली, तर मज्जारज्जू क्षणभर चिमटला जातो. ज्यांची मणक्यांतील नळी मुळातच अरुंद असते, त्यांना हा धोका अधिक. मुंग्या आणि लुळेपणा दोन्ही हातांत, दोन्ही पायांत किंवा चारही अवयवांत येतो. मान पुष्कळदा दुखतही नाही, आणि दहा-पंधरा मिनिटांत सारे पूर्ववत होऊ शकते, क्वचित दोन दिवस लागतात. फसगत होते ती इथेच, कारण उठून उभा राहिलेला गडी पुन्हा लांग कसू लागतो आणि भोवतालचे टाळ्या वाजवतात.

म्हणून त्रास किती वेळ टिकला यापेक्षा किती अवयवांत आला, हे आधी विचारावे. स्टिंगर एकाच हाताचा असतो. एकाहून अधिक अवयव सांगितले किंवा मानेचा मणका दाबल्यावर दुखला, तर मान आहे त्या स्थितीत धरून १०८ ला फोन करावा. पूर्ववत वाटले तरी एमआरआय होईपर्यंत खेळ बंद. मान ‘मोकळी’ करण्याचा वस्तादी झटका तर कोणत्याच दुखापतीत देऊ नये.

एका हाताच्या बाबतीतही दुसऱ्या हाताइतकी ताकद आणि मानेची वेदनारहित हालचाल परतल्याशिवाय मैदानात उतरू नये; त्रास वारंवार झाला, तर मानेची तपासणी करून घ्यावी.