फॅटी लिव्हर आणि जागा न सोडणारं प्रथिन

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ‘ग्रेड वन फॅटी लिव्हर’ आलं की घरात दोनच तर्क निघतात. एक, हा चोरून पितो. दोन, याचा तुपाचा हात सैल आहे. जन्मात दारूला न शिवलेली, अंगानं शिडशिडीत माणसं यात हकनाक बोलणी खातात. पश्चिम बंगालच्या ग्रामीण भागातल्या एका पाहणीत (२०१०) सुमारे ९ टक्के प्रौढांत दारूशी संबंध नसलेलं फॅटी लिव्हर सापडलं, आणि त्यातले बहुतेक जण लठ्ठ नव्हते.

मग आईवडिलांकडून आलेला वाटा किती? जुळ्या भावंडांच्या अभ्यासातून तो साधारण निम्मा निघतो. अर्थात ‘निम्मा’ म्हणजे माणसामाणसांत जो फरक दिसतो त्यातला निम्मा. तुमच्या लिव्हरमधली अर्धी चरबी वडिलांची, असा त्याचा अर्थ नाही.

या वाट्याचा पहिला ठोस धागा २००८ मध्ये अमेरिकेतल्या डॅलस शहरात हाती आला. हेलन हॉब्ज आणि जोनाथन कोहेन यांच्या गटानं दोन हजारांहून अधिक लोकांच्या यकृतातली चरबी चुंबकीय तंत्रानं मोजली आणि जनुकांमधले नऊ हजारांवर बदल तिच्याशी ताडून पाहिले. त्यातून ठळकपणे वर आलं ते २२ व्या गुणसूत्रावरचं पीएनपीएलए३. काही लोकांत या जनुकात डीएनएचं एकच अक्षर बदललेलं असतं, सी च्या जागी जी. परिणामी या जनुकावरून बनणाऱ्या प्रथिनात १४८ व्या जागी आयसोल्युसिन या अमिनो आम्लाऐवजी मेथिओनिन हे दुसरं बसतं. आई आणि वडील, दोघांकडून ही आवृत्ती आलेल्यांच्या यकृतात ती नसलेल्यांपेक्षा चरबी दुपटीहून जास्त होती.

आता यातली खरी गंमत. जनुक बिघडलं म्हणजे त्याचं काम बंद पडलं, असं आपण धरून चालतो. पण उंदरांमधून हे जनुक पार काढून टाकलं तरी त्यांची यकृतं ठणठणीत राहिली! म्हणजे प्रथिन नसलं तर काही अडत नाही; बिघडलेलं प्रथिन असलं तरच अडतं. कसं ते पाहू.

यकृताच्या पेशीत चरबी थेंबाथेंबांनी साठते. ती फोडून वापरात आणण्याचं काम एटीजीएल नावाचं एन्झाइम करतं, पण सीजीआय-५८ हे मदतनीस प्रथिन सोबत असेल तरच ते जोमानं चालतं. पीएनपीएलए३ याच थेंबांवर येऊन बसतं. नेहमीचं प्रथिन काम झालं की पेशीची सफाई यंत्रणा खूण लावून मोडीत काढते. बदललेल्या प्रथिनावर ही खूण नीट लागत नाही. ते थेंबावर साचत जातं आणि सीजीआय-५८ ला स्वतःशीच धरून ठेवतं. पंगतीत एखादा पाहुणा जेवण उरकूनही पानावरून उठत नाही, वर वाढप्याला गप्पांत गुंतवून ठेवतो, तसा हा प्रकार. एटीजीएल हजर असतं, पण जोडीदाराविना. चरबी फुटत नाही, थेंब फुगत जातात.

शिवाय हे जनुक चालू होतं ते इन्सुलिनच्या इशाऱ्यावर. भात, साखर, मैदा पोटात गेला की इन्सुलिन वाढतं, एसआरईबीपी-१सी हा नियंत्रक जागा होतो आणि एका बाजूनं नवी चरबी, दुसऱ्या बाजूनं पीएनपीएलए३ तयार करायला लावतो. उपाशीपोटी दोन्ही मंदावतात. म्हणूनच माणसांतली ही बदललेली आवृत्ती बसवलेल्या उंदरांना साधं खाणं दिलं तेव्हा काही झालं नाही. भरपूर साखर दिली तेव्हा यकृत चरबीनं भरलं. तुपाला शिव्या देणाऱ्यांनी चहातल्या साखरेकडेही जरा पाहावं.

‘लिव्हर डिटॉक्स’च्या बाटल्यांबद्दल मात्र मला फारसं सौजन्य दाखवता येत नाही. यातलं कोणतं चूर्ण सीजीआय-५८ ला सोडवतं, ते विकणाऱ्यानं सांगावं. कोविडकाळात मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेले सहा रुग्ण नोंदवले होते. आयुष मंत्रालयानं तो निष्कर्ष अमान्य केला, पण ‘वनस्पती म्हणजे निर्धोक’ हे गृहीतक त्यानंतर तरी तपासायला हवं होतं.

पीएनपीएलए३ एकटं नाही. टीएम६एसएफ२ या दुसऱ्या जनुकामधला एक बदल यकृताला चरबी रक्तात पाठवू देत नाही. यकृत भरतं, पण रक्तातली चरबी उतरते आणि हृदयाला थोडा फायदाच होतो. उलट एचएसडी१७बी१३ या जनुकामधला एक बिघाड यकृताला चक्क वाचवतो.

राहता राहिलं ‘आमच्यात खानदानीच आहे, काय करणार’ हे पालुपद. हेलसिंकीत जादा वजनाच्या लोकांना सहा दिवस अत्यल्प कर्बोदकांचा आहार दिला. पीएनपीएलए३ च्या बदललेल्या दोन्ही प्रती असलेल्यांच्या यकृतातली चरबी सुमारे ४५ टक्क्यांनी घटली, एकही नसलेल्यांची १८ टक्क्यांनी. अडवणारं प्रथिनच कमी बनलं तर असं व्हायला हरकत नाही. पण कारण तेच, हे या प्रयोगानं सिद्ध केलेलं नाही आणि त्यात माणसं होती अवघी अठरा.