संकरजीव पात्रे (टेबलटॉप रोल-प्लेइंग खेळांतील)

माणूस आणि प्राणी यांची, किंवा दोन-तीन वेगळ्या प्राण्यांची अंगे एकाच देहात असलेले आणि एखादा खेळाडू स्वतःचे म्हणून चालवतो असे अद्भुतरम्य टेबलटॉप खेळातले पात्र म्हणजे संकरजीव पात्र. हाच जीव गेम मास्टरच्या, म्हणजे खेळ चालवणाऱ्या सूत्रधाराच्या, हाती असला तर तो बहुधा वाटेत आडवा येणारा शत्रू असतो. खेळाडूच्या हाती आला की त्याला नाव, भूतकाळ, सोबती आणि पोटापाण्याची चिंता येते. कमरेखाली घोडा असलेला सेंटॉर, बैलाच्या डोक्याचा मिनोटॉर, बोकडाच्या पायांचा सॅटिर, पक्ष्याच्या देहाचा आराकोक्रा आणि हत्तीच्या डोक्याचा लॉक्सोडॉन ही यांतली परिचित नावे. हाफ-एल्फ आणि हाफ-ऑर्क ही पात्रे वंशाने मिश्र असली तरी देहाने माणसासारखीच असल्यामुळे येथे त्यांचा विचार केलेला नाही.

कोकणातल्या वाचकाला मिश्र देह नवा नाही. मुरुड-जंजिऱ्याच्या महाद्वाराशी पंजांत हत्ती पकडलेला जो पशू कोरला आहे, त्याला कोणी वाघ म्हणतो, कोणी सिंह, तर कोणी शरभ, म्हणजे पुराणातला मिश्र देहाचा पशू. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्यात १२० गोल पाने असतात आणि त्यांच्या दहा रंगांपैकी मत्स्य, कूर्म, वराह व नरसिंह हे पहिले चार; प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि १ ते १० अशी बारा पाने. मात्र गंजिफा खेळणारा नरसिंहाचे पान टाकतो, नरसिंह होत नाही. रोल-प्लेइंग खेळाला खरा शेजार आहे तो दक्षिण कोकणातल्या दशावतारी नाटकाचा. तेथे संवाद लिहिलेले नसतात. आख्यानाचा आराखडा ठरतो आणि समोरचे पात्र काय बोलेल ते पाहून नट आपले वाक्य जागच्या जागी रचतो. टेबलाभोवती बसलेले खेळाडू नेमके हेच करतात, फक्त वाक्य पुरेसे पडत नाही तेथे वीस बाजूंचा फासा टाकतात.

संकरजीवाचे खेळातले मर्म समजण्यासाठी नरसिंहाच्या कथेसारखे दुसरे उदाहरण सापडणे कठीण आहे. हिरण्यकशिपूने मागून घेतलेला वर हा एक नियमच आहे: माणसाकडून नाही, पशूकडून नाही, दिवसा नाही, रात्री नाही, घरात नाही, घराबाहेर नाही. नियमाचा शब्द न मोडता त्यातली फट शोधणारा देह म्हणजे नरसिंह. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या पाचव्या आवृत्तीत याच धर्तीची एक गंमत आहे. खेळाडूंसाठी दिलेला सेंटॉर मानवसदृश जीवांत मोडत नाही, तो ‘फे’ म्हणजे वनमायेच्या जीवांत मोडतो. त्यामुळे केवळ मानवसदृशांना जागीच खिळवणारा किंवा भुरळ घालणारा प्राथमिक मंत्र त्याच्यावर चालत नाही. पहिल्याच लढाईत हे लक्षात आले की टेबलावर वाद होतो, आणि पुस्तकाप्रमाणे त्या वादात सेंटॉरची बाजू बरोबर असते.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ साली प्रकाशित झाला. खेळाडूने दुबळ्या स्थितीतून सुरुवात करायची तयारी ठेवली तर त्याला जवळजवळ काहीही होता येईल, अशी मुभा त्या पहिल्या नियमांत होती. त्यासाठी लहान वयाच्या ड्रॅगनचे उदाहरणही दिले होते. गायगॅक्सने १९७९ च्या गेम मास्टरसाठीच्या पुस्तकात मात्र राक्षसी पात्रांबद्दल नाखुशी दाखवली. याउलट १९७८ च्या ‘रूनक्वेस्ट’ या दुसऱ्या खेळात माणसासारखी बोलणारी, शस्त्र धरणारी बदके गंभीरपणे वावरतात, हे ऐकून नवखा हसतो आणि दोन डावांनंतर हसायचा थांबतो. घुबडाचे तोंड आणि अस्वलाचे धड असलेला आउलबेअर ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये १९७५ साली आला. हाँगकाँगच्या स्वस्त प्लास्टिक खेळण्यांच्या पिशवीतल्या एका ओबडधोबड बाहुलीवरून तो सुचला. पुराणाचा आधार नसलेला हा जीव आज या खेळाची ओळख होऊन बसला आहे.

बलवान देहाची किंमत कशी लावायची, हा यातला जुना प्रश्न. तिसऱ्या आवृत्तीच्या २००३ च्या सुधारित नियमांनी ती पातळ्यांत, म्हणजे पात्राच्या वाढीच्या पायऱ्यांत, लावली: सेंटॉरच्या जातीच्याच चार पातळ्या धरायच्या आणि त्यांवर दोनचा भार टाकायचा, म्हणजे कोणताही पेशा न शिकलेला सेंटॉर सहाव्या पातळीच्या पात्राच्या बरोबरीचा. हिशेब कागदावर चोख होता, पण असे पात्र बळकट असूनही सोबत्यांपेक्षा कमी जीवबिंदूंचे (म्हणजे कमी मार सोसू शकणारे) राही आणि मंत्रविद्येत कायमचे मागे पडे. पाचव्या आवृत्तीने उलटा मार्ग धरला. २०१८ मध्ये आलेला सेंटॉर पहिल्या पातळीपासून खेळता येतो, कारण त्याला मुळातच लहान केले आहे: घोड्याचे धड खांद्याशी सुमारे ४ फूट, म्हणजे तट्टूएवढे, आणि आकाराचा वर्ग माणसाचाच.

संकरजीव रंगतो तो त्याच्या ताकदीमुळे कमी आणि अडचणींमुळे अधिक, असे या नोंदकर्त्याचे मत आहे. सेंटॉरची चाल एका फेरीला ४० फूट, माणसाची ३० फूट. किनाऱ्याच्या पुळणीवर तो सर्वांच्या पुढे असणार. पण हातापायांनी चढायची वेळ आली की त्याला प्रत्येक फुटामागे ४ फूट जादा चाल मोजावी लागते, माणसाला १ फूट. आता ४० फुटी माड घ्या. माणूस एका फेरीत १५ फूट चढतो आणि तिसऱ्या फेरीत शेंड्याला पोचतो; सेंटॉर फेरीला ८ फूट चढत पाचव्या फेरीत पोचतो. फेरी सहा सेकंदांची, म्हणजे फरक फार तर बारा सेकंदांचा, तरी चार खूर झावळ्यांकडे सरकत असल्याचे चित्रच असे आहे की टेबलावरचा प्रत्येक जण फासा थांबवून ते पाहतो. होडीबद्दल तर नियम गप्पच आहेत. उलांडी लावलेल्या अरुंद होडीत घोड्याचे धड कोठे ठेवायचे, वजन कोणत्या बाजूला टाकायचे, लाट आल्यावर तो बसणार कसा, याचा निवाडा गेम मास्टरलाच द्यावा लागतो. आणि खाडी ओलांडल्याशिवाय पुढच्या गावाला जाता येत नाही अशा मुलखात हा निवाडा पहिल्याच सत्रात लागतो.

उडणाऱ्या पात्रांची अडचण निराळी. २०१५ मध्ये खेळाडूंना मिळालेला आराकोक्रा फेरीला ५० फूट उडत असे, त्यामुळे दरी, तट, खंदक हे गेम मास्टरने मेहनतीने मांडलेले अडथळे एका वाक्यात निकालात निघत. मध्यम वा जड चिलखत घालून त्याला उडता येत नाही, हा तेवढा लगाम होता. २०२२ च्या सुधारित रूपात उड्डाणाचा वेग चालीइतकाच, म्हणजे ३० फूट केला गेला.

नियमांपलीकडे उरते ते वागणे आणि बोलणे. दशावतारातला संकासुर मालवणीत बोलून प्रेक्षकांना हसवतो, इतर पात्रे प्रमाण मराठी बोलतात. त्या एका फरकाने तो माणसांतला नव्हे हे मुखवट्याइतकेच ठसते. संकरजीव खेळणाऱ्यानेही शिंगे-खुरांच्या वर्णनात वेळ घालवण्यापेक्षा बोलण्याची एखादी लकब धरावी. लॉक्सोडॉनबद्दल मात्र सावधपणा हवा. गणपतीला चाकरमानी ज्या कोकणात हटकून घरी येतात, तेथे हत्तीच्या डोक्याच्या पात्राला फाशांवर मारायचे की नाही, हे सर्वांनी मिळून आधीच ठरवलेले बरे. एखाद्याला ते रुचत नसेल तर दुसरा जीव निवडण्यात खेळाचे काही बिघडत नाही.

स्थानिक संकरजीव घडवताना नवशिके बहुधा खवीस, मुंजा, देवचार यांच्याकडे वळतात. ही सारी भुतेखेते अथवा राखणदार असल्याने त्यांचा देह मिश्र नसतो आणि फाशांना त्यांच्यात धरायला काही सापडत नाही. देवळांच्या शिल्पांतला मकर अधिक उपयोगी: मगरीचा जबडा, माशाचे शेपूट, कधी हत्तीची सोंड. त्यासाठी नवे नियम लिहिण्याचीही गरज नाही. खेळाडूंसाठीच्या ट्रायटन या सागरी जीवाला फेरीला ३० फूट पोहता येते आणि हवेत व पाण्यात दोन्हीकडे श्वास घेता येतो; तेच आकडे ठेवून वर्णन मकराचे करावे. पाचव्या आवृत्तीचा मूळ नियमसंच जानेवारी २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला झाल्यामुळे श्रेय देऊन त्याचे मराठी रूपांतर छापताही येते. सेंटॉर, मिनोटॉर आणि आउलबेअर त्या संचात आहेत, पण गेम मास्टरच्या हातचे जीव म्हणून. त्यांना खेळाडूच्या मापात बसवण्याचे काम रूपांतर करणाऱ्याला स्वतःच करावे लागते.