भिंतलेखन (सातारा–सांगली)

घर, दुकान, तालीम, शाळा किंवा रस्त्याकडेच्या भिंतीवर ब्रशने मोठ्या अक्षरांत मजकूर लिहिण्याची आणि त्याच्या जोडीने चित्रे काढण्याची कारागिरी. सातारा व सांगली जिल्ह्यांत ती करणाऱ्यास ‘पेंटर’ म्हणतात आणि हा शब्द अनेकदा त्याच्या नावापुढे आडनावासारखाच चिकटतो.

भिंतलेखनाची गणना ग्राफिटीत करावी की नाही, याबद्दल मतभेद संभवतो. मराठी वाचकाला ‘ग्राफिटी’ म्हटले की वृत्तपत्रातील एकोळी विनोद आधी आठवतो. मूळ अर्थाची आधुनिक ग्राफिटी मात्र 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धात फिलाडेल्फियात व पाठोपाठ न्यूयॉर्कमध्ये फोफावली. ‘टाकी 183’ अशी सही शहरभर करत फिरणाऱ्या तरुणावर 1971 मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने लेख छापला, तेव्हा तिचा बोलबाला झाला. तेथे टोपणनाव हाच मजकूर असतो आणि काम चोरून, घाईने उरकायचे असल्याने स्प्रेचा डबा सोयीचा पडतो. आपल्याकडचा पेंटर घरमालकाला विचारून, दिवसाढवळ्या, शिडीवर चढून लिहितो आणि आपले नाव व गाव खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत टाकतो. दोन्हींतले साम्य आहे ते अक्षराच्या हौसेत.

भिंतीला आधी चुन्याचा हात देतात. रंग हाताला लागू नये म्हणून चुन्यात सरस किंवा डिंक मिसळण्याची रीत होती. मग निळीत किंवा गेरूत बुडवलेला दोरा दोघांनी ताणून धरायचा आणि मधोमध उचलून सोडायचा, की भिंतीवर सरळ रेघ उमटते. या रेघेवर शिरोरेषा बसते. बोरूच्या तिरक्या कापामुळे देवनागरीला जी जाड-बारीक वळणे मिळाली, ती पेंटर चपट्या ब्रशने साधतो. अक्षर भरून झाल्यावर एका बाजूने गडद सावली देऊन ते भिंतीतून पुढे आल्यासारखे भासवतो. खरी कसोटी लागते ती जागेच्या हिशोबात, कारण खिडकी, नळ किंवा विजेचा मीटर मधे आला तरी शेवटचा शब्द चेंगरलेला दिसता कामा नये.

या शैलीमागे नाटकाचा पडदा आणि सिनेमाचे पोस्टर उभे आहे. विष्णुदास भावे यांनी 1843 मध्ये ‘सीतास्वयंवर’ सांगलीत सादर केले. पुढे संगीत नाटकांच्या काळात पडदे रंगवणे हा स्वतंत्र धंदा झाला. शेजारच्या कोल्हापुरातील बाबूराव पेंटर (1890–1954) हेही पडदे रंगवता रंगवताच चित्रपटाकडे वळले. तालमीच्या भिंतीवरचा मारुती, लग्नघराच्या दारालगतचे गणपती, हत्ती व भालदार-चोपदार यांच्या ठळक बाह्यरेषांत आणि भडक, सपाट रंगांत तीच पडद्याची नजर दिसते.

पेंटरची कारकीर्द शाळेच्या बाकावर नव्हे, तर जुन्या पेंटरच्या हाताखाली डबे धुण्यापासून सुरू होई. पोट भरे ते निवडणुका, लग्नसराई, खते-बियाण्यांच्या जाहिराती आणि सरकारी मोहिमांवर. 1970 च्या दशकातील ‘देवीचा रोगी कळवा, हजार रुपये मिळवा’ ही ओळ आणि कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण अनेकांना भिंतींवरूनच ठाऊक आहे. 2000 मध्ये सुरू झालेल्या संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानाने गावोगावच्या भिंती पुन्हा घोषवाक्यांनी भरल्या. या अभियानाशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले ते आर. आर. पाटील तासगाव तालुक्यातील अंजनीचे. त्यानंतर काही वर्षांतच डिजिटल फ्लेक्स आला. पेंटरला दोन दिवस लागणारे काम यंत्र तासाभरात, छायाचित्रासह करू लागले आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा भिंतीवरून चौकातल्या फलकावर गेल्या. बरेच पेंटर गाड्यांच्या नंबरपाट्या, शाळांचे बोलके व्हरांडे किंवा थेट फ्लेक्सचे दुकान यांकडे वळले.

महाराष्ट्रात मालमत्तेचे विद्रूपण रोखणारा कायदा 1995 चा आहे. परवानगीच्या भिंतीवरही वाद होतच नाही असे नाही. 2023 मध्ये साताऱ्यात पोवई नाक्यावरील इमारतीवर खासदार उदयनराजे भोसले यांचे चित्र रंगवण्यावरून तणाव निर्माण झाला होता.

सांगलीत भिंतलेखनाचा एक अगदी कोरडा, पण सर्वांत जास्त वाचला जाणारा प्रकार आढळतो, तो म्हणजे पुराच्या पातळीच्या खुणा. कृष्णेवरील आयर्विन पुलापाशी पाण्याची उंची फुटांत मोजतात. 40 फूट ही इशारा पातळी व 45 फूट ही धोका पातळी. 2019 च्या महापुरात पाणी 57 फुटांपर्यंत चढले आणि नदीकाठच्या वस्त्यांतील रंगवलेल्या भिंती कित्येक दिवस पाण्याखाली राहिल्या. ओसरल्यावर काही घरांनी नवा रंग देताना पाण्याची रेघ तेवढी ठेवली आणि तिच्या बाजूला साल लिहिले.