दोबारे, दोबारे! इराणी गाण्याचे श्रोते असे का वागतात?

जुलै २००० मध्ये टोरांटोच्या एअर कॅनडा सेंटरमध्ये इराणच्या लोकप्रिय गायिका गूगूश रंगमंचावर आल्या. समोर हजारो इराणी श्रोते बसले होते आणि त्यांच्यातल्या अनेकांनी गूगूशना प्रत्यक्ष गाताना कधीच पाहिलेलं नव्हतं. १९७९च्या इस्लामी क्रांतीनंतर त्या देश सोडून गेल्या नाहीत, तेहरानमध्येच राहिल्या. पण एकवीस वर्षं त्यांना जाहीरपणे गाता आलं नाही. त्या रात्री मात्र त्यांच्या गाण्यांचा शब्दन् शब्द लोकांना पाठ होता, अगदी क्रांतीनंतर जन्मलेल्या मुलामुलींनाही.

फारसी लोकप्रिय गाण्याच्या अशा कार्यक्रमाला परका माणूस गेला तर तो बहुधा वैतागतो. लोक उशिरा येतात, गाणं चालू असताना शेजाऱ्याशी बोलतात, नावं घेऊन फर्माईशी करतात, गायकाच्या आवाजावर आपला आवाज चढवतात आणि खुर्च्यांमधल्या वाटेत नाचू लागतात. ‘दोबारे, दोबारे!’ अशी हाक येत राहते, म्हणजे आपलं ‘वन्समोअर’. त्याच गाण्याच्या तेहरानमधल्या अधिकृत कार्यक्रमात मात्र सगळं सभागृह खुर्चीत बसून असतं. माणसं एकच, रीती दोन. पहिल्या रीतीला बेशिस्त म्हणणं आणि दुसरीला सुसंस्कृत म्हणणं, दोन्ही मला चुकीचं वाटतं. या दोन्ही रीतींना शंभर वर्षांचा इतिहास आहे.

तो सुरू होतो घराच्या अंगणात. जुन्या इराणी घरात मधोमध पाण्याचा हौद असे. लग्नाच्या दिवशी त्यावर फळ्या टाकून रंगमंच करत आणि त्यावर गाणं, नाच, विनोदी सोंगं चालत. या खेळांना नावच पडलं ‘रू-हौज़ी’, म्हणजे हौदावरचं. आपला ‘हौद’ तो हाच शब्द. गाणारे-वाजवणारे ‘मुतरिब’ लोकांना हवेहवेसे असत, पण समाजात त्यांना मान नसे. ऐकणारे नुसते बसून राहत नसत. टाळ्या देणं, उठून नाचणं, नाचणाऱ्यावर पैसे उधळणं हा यजमानाच्या आनंदाचा भाग होता. उधळलेल्या पैशाला फारसीत ‘शाबाश’ म्हणतात. आपण पाठ थोपटताना म्हणतो ते ‘शाबास’ तिथलंच आहे. दाद, फर्माईश, वाहवा, मैफल हे शब्दही फारसीतूनच आपल्याकडे आले. म्हणून गाणं ऐकण्याची ही तऱ्हा मराठी माणसाला पूर्णपणे परकी वाटू नये.

तिकीट काढून, ओळीत मांडलेल्या खुर्च्यांवर बसून गाणं ऐकायची सवय इराणात संवैधानिक क्रांतीच्या सुमारास, म्हणजे १९०६च्या आसपास लागली. ‘अंजुमन-ए उख़ुव्वत’ या सूफी मंडळाने दरवीश ख़ान यांच्यासारख्या वादकांना घेऊन जाहीर कार्यक्रम सुरू केले. दरबारी आणि अमीर-उमरावांच्या दिवाणखान्यातलं संगीत पहिल्यांदाच सामान्य नागरिकांसमोर आलं. कवी-गायक आरिफ़ क़ज़्वीनी यांनी देशासाठी मेलेल्या तरुणांवर पदं रचली आणि ती भर सभेत गायली. गाणं ऐकायला जाणं हीच तेव्हा राजकीय कृती झाली. १९२४ मध्ये तेहरानच्या लालेज़ार रस्त्यावरच्या ग्रँड हॉटेलात गायिका क़मर-उल-मुलूक वज़ीरी पुरुषांसमोर बुरख्याशिवाय गायल्या. त्याआधी बायका गात होत्याच, पण बायकांच्या बैठकीत किंवा पडद्याआड. क़मर यांच्यासमोर बसलेल्या श्रोत्यांना कसं वागायचं हे सांगणारी कुठलीही जुनी रीत नव्हती. त्यांनी ती त्याच रात्री शोधली.

(एक धागा आपल्याकडचाही आहे. गाणी असलेला पहिला फारसी बोलपट, ‘दुख़्तर-ए लुर’, १९३३ मध्ये मुंबईत तयार झाला. तो केला अर्देशिर इराणी यांच्या इंपीरियल फिल्म कंपनीने. दोनच वर्षं आधी ‘आलम आरा’ काढणारे इराणी हे पुण्यात जन्मलेले.)

पुढे दोन शाळा झाल्या. एक रेडिओची. तेहरान रेडिओ १९४० मध्ये सुरू झाला आणि १९५६ पासून दाऊद पीरनिया यांनी ‘गुलहा’ ही कार्यक्रममाला चालवली. अभिजात काव्य, निवडक गायक आणि मधे एक शब्दही वायफळ नाही. तिने घराघरांत शांतपणे ऐकायला शिकवलं. १९६७ मध्ये उघडलेल्या रूदकी सभागृहाने तीच शिस्त बाहेर आणली: वेळेवर या, गप्प बसा, शेवटी टाळ्या द्या. दुसरी शाळा लालेज़ारच्या कॅबरेंची. तिथे समोर जेवणाचं टेबल, हातात पेला, एकाच रात्री अनेक कलावंत आणि श्रोत्यांची गायकाशी थेट देवाणघेवाण. महवश या तिथल्या लाडक्या गायिका १९६१ मध्ये मोटार अपघातात गेल्या, तेव्हा त्यांच्या अंत्ययात्रेला लोटलेली गर्दी पाहून प्रतिष्ठित मंडळी चकित झाली होती. गिटार घेऊन गाणारे विगेन, पुढे दारियूश, इब्राहीम हामेदी ऊर्फ एबी, हायदे, महस्ती हे सगळे टेलिव्हिजनमुळे घरोघरी पोचले. त्यांच्या मागे उभे होते शहयार क़ंबरी, ईरज जन्नती अताई, अर्दलान सरफ़राज़ यांच्यासारखे गीतकार आणि वारूझान यांच्यासारखे संगीत-संयोजक. हे सत्तरचं दशक इराणी पंचांगाप्रमाणे १३५०चं, म्हणून आजही लोक ‘दहे-ये पंजाह’, पन्नासचं दशक, असं म्हणत उसासा टाकतात.

मग १९७९ आलं. त्या जुलैमध्ये क्रांतीचे नेते आयातुल्ला खोमेनी यांनी रेडिओ-टीव्हीवरच्या संगीताची तुलना अफूशी केली. कॅबरे बंद पडली, बाईने पुरुषांसमोर एकटीने गाणं निषिद्ध झालं, पॉप संगीत बेकायदा ठरलं. सरकारी टीव्हीवर आजही गाणारा दिसतो, पण वाद्यं दाखवत नाहीत. वाजवणाऱ्याच्या जागी फुलं किंवा निसर्गदृश्य येतं.

माझ्या मते आजच्या श्रोत्याला या काळानेच घडवलं. उरली फक्त कॅसेट. देश सोडून लॉस एंजेलिसमध्ये जमलेल्या गायकांनी तिथे नवी गाणी ध्वनिमुद्रित केली, तराने आणि कॅलटेक्ससारख्या कंपन्यांनी ती काढली आणि प्रतीवर प्रत होत ती चोरवाटांनी इराणात पोचली. इराण-इराक युद्धाची आठ वर्षं लोकांनी हे संगीत पडदे ओढून, आवाज बेताचा ठेवून, मोटारीच्या काचा वर करून ऐकलं. दहाव्या प्रतीतल्या खरखरीसकट गाणं पाठ झालं. लग्नात दाराशी पहारा ठेवून त्यावर नाच झाला. आई भांडी घासताना गाते ते गाणं आणि बंदी असलेलं गाणं एकच होतं. एक आख्खी पिढी अशी वाढली की तिच्याकडे गायकाचा आवाज होता, पण गायक नव्हता; नाचायला बैठकीची खोली होती, सभागृह नव्हतं. अशी माणसं पुढे कधी टोरांटोत, हॅम्बुर्गमध्ये किंवा दुबईत तिकीट काढून आत शिरतात, तेव्हा त्यांच्या मनात रूदकी सभागृहाची शिस्त कुठून असणार? ती बैठकीच्या खोलीची रीत सोबत घेऊन येतात. गायकाच्या आवाजात आवाज मिसळणं ही त्यांच्या लेखी आगळीक नाही. इतकी वर्षं गाणं त्यांनीच गाऊन जिवंत ठेवलंय.

परदेशातल्या या कार्यक्रमांत कॅबरेही टिकून राहिलं. १९ जानेवारी १९९०च्या रात्री हायदे कॅलिफोर्नियातल्या सॅन होज़ेच्या कासाब्लांका क्लबमध्ये गायल्या आणि काही तासांतच गेल्या. वय ४७. त्यांचं दफन लॉस एंजेलिसच्या वेस्टवुडमध्ये झालं. इराणी लोक त्या भागाला आणि एकूणच शहराला प्रेमाने ‘तेहरांजेलिस’ म्हणतात.

अशा रात्रीला दोन ताल असतात. एक नाचाचा, ‘शीश-ओ-हश्त’ म्हणजे सहा-अष्टमांश, कानाला आपल्या दादऱ्याच्या जवळचा. तो सुरू झाला की आजीबाईसुद्धा दोन्ही तळवे जोडून बोटांचा ‘बेश्कन’ वाजवतात. ही दोन हातांची चुटकी सहजी जमत नाही. दुसरा ताल ‘ग़ुर्बत’चा, परक्या मुलखात असण्याच्या दुःखाचा. एबी किंवा दारियूश यांचं एखादं संथ गाणं लागलं की मघाशी नाचणारी माणसं डोळे पुसू लागतात. या भावनेला फारसीत ‘दिलतंगी’ म्हणतात, हृदय आखडणं. नॉस्टॅल्जिया हा शब्दही त्यांनी फ्रेंचमधून घेतलाय, पण घरच्या बोलण्यात जुनेच शब्द येतात. घरात म्हणतात, ‘यादश बख़ैर’, त्याची आठवण सुखात राहो.

या प्रेमाची किंमत गायक मोजतात, हेही सांगायला हवं. नवं गाणं सुरू झालं की श्रोते मोबाइल पाहतात, जुनं लागलं की उभे राहतात. आपल्या बहरातल्या दहा-पंधरा गाण्यांत माणूस कायमचा अडकतो. मला स्वतःला हे पाहून वाईट वाटतं. ज्या कलावंतांनी सत्तरच्या दशकात फारसी गाण्याची भाषाच बदलली, त्यांनाच आता बदलायची मुभा नाही. पण ज्यांचं गाव, घर, तारुण्य एकदम तोडलं गेलं त्यांना नवं ऐका असं कोणत्या तोंडाने सांगायचं, हेही कळत नाही.

देशात चित्र वेगळं. १९९७ मध्ये मोहम्मद ख़ातमी राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आल्यावर पॉपला परवानगी मिळू लागली. शादमेहर अक़ीली, ख़शायार एतेमादी पुढे आले आणि एतेमादींच्या आवाजात लोकांना परदेशातले दारियूश ऐकू आले. २००० मध्ये पहिला अल्बम काढणाऱ्या ‘आर्यान’ गटात मुलीही होत्या, मात्र त्यांचा आवाज पुरुषांच्या आवाजाला जोडूनच. आजही प्रत्येक कार्यक्रमाला ‘इर्शाद’ म्हणजे सांस्कृतिक मंत्रालयाचा परवाना लागतो. तो मिळूनही मशहदसारख्या शहरात धार्मिक नेत्यांच्या विरोधामुळे कार्यक्रम रोखले गेले आहेत. नाचायला मनाई असल्याने सरकारी भाषेत नाचाला ‘नाच’ही म्हणत नाहीत, ‘हरकात-ए मौज़ून’, लयबद्ध हालचाली म्हणतात. एका संध्याकाळी दोन ‘सांस’ म्हणजे दोन खेळ. श्रोते खुर्ची सोडत नाहीत, पण खांदे हलतात, हात वर जातात, मोबाइलचे दिवे पेटतात आणि जेवढं अंग खुर्चीत मावतं तेवढं सगळं नाचतं. म्हणून नवरोज़च्या, म्हणजे इराणी नववर्षाच्या सुट्टीत ज्यांना परवडतं ते दुबई, अंताल्या, येरेवान गाठतात. तिथे लॉस एंजेलिसचे गायक येतात आणि वर्षभर खुर्चीत बसलेले पाय मोकळे होतात.

८ ऑक्टोबर २०२० रोजी गायक मोहम्मद रज़ा शजरियान गेले. ते अभिजात परंपरेतले, पण त्यांच्याही मैफलीच्या शेवटी लोक ‘मुर्ग़-ए सहर’ मागत. १९२०च्या दशकातलं, पहाटेच्या पक्ष्याला साद घालणारं ते पद गायल्याशिवाय श्रोते त्यांना जाऊ देत नसत. त्या संध्याकाळी तेहरानच्या जाम रुग्णालयाबाहेर जमलेल्या गर्दीने ते गायलं.

आणि डिसेंबर २०२४ मध्ये गायिका परस्तू अहमदी एका जुन्या सराईच्या अंगणात, केस मोकळे ठेवून, उघड्या खांद्यांनी गायल्या. सोबत वादक होते, प्रकाशयोजना होती, समोर श्रोता एकही नव्हता. या काल्पनिक मैफलीत माझा आवाज ऐका, असं त्यांनी सुरुवातीलाच लोकांना लिहून कळवलं होतं. लोकांनी तो यूट्यूबवर आपापल्या घरात ऐकला. काही दिवसांत त्यांना आणि दोन वादकांना अटक झाली, नंतर सोडण्यात आलं. त्या रात्री त्यांनी गायलेलं एक पद आरिफ़ क़ज़्वीनींचं होतं, देशासाठी मेलेल्या तरुणांच्या रक्तातून उगवणाऱ्या ट्यूलिपच्या फुलांचं.